नाकाला भार, शेपटीला वारं

अहो, मागं टेकू नका! किती जणांना सांगायचं मी? या, इकडं पुढं या, माझ्या ओट्यावर बसा. फोटो काढायचा तर लांबून काढा, पण त्या डब्याला पाठ लावून उभं राहू नका. रोज कोणी ना कोणी येतं, गल्लीच्या तोंडाशी दोन चाकांवरचा हा अंड्याच्या आकाराचा डबा बघतं, हसतं, आणि नेमकं मागं जाऊन रेलतं. पुढं कोणी टेकत नाही. माणसाची खोडच ती. जवळ बसा, म्हणजे का ओरडते ते सांगते. ओरडायची हौस नाही मला.

हा डबा ज्यांचा, ते मागं कोणाला उभं राहू देत नसत. कुठं निघायचं असलं की ते आधी डब्याच्या पुढच्या टोकाशी यायचे. तिथलं निमुळतं लोखंड मोटारीला जोडतात, त्याला ते नाक म्हणायचे. त्या नाकावर उजवा तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून खाली दाबायचे. डॉक्टर पोट दाबून बघतो ना, तसं. एकदा, दोनदा, तीनदा. मग डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "नाकाला भार, शेपटीला वारं. चला."

एवढं म्हणल्याशिवाय चाक हलायचं नाही. एका सकाळी ते अर्धंच म्हणाले. मला त्या सकाळचं सांगायचंय, पण आधी माणूस तुमच्या ओळखीचा होऊ दे.

नाव सांगत नाही. गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणायचे, तुम्हीही म्हणा. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. तीस वर्षं फिरती शिफ्ट, कंपनीच्या बसची खिडकी आणि मांडीवर जेवणाचा डबा. हाताला असा गुण की लोखंडावरनं अंगठा फिरवला की केसाएवढा फरक सांगायचे. जिभेचं मात्र उलटं. चार वाक्यं बोलले की दमायचे. त्यांच्या वाट्याचं बोलणं त्यांची बायको, आमची ताई, बोलून टाकायची. लेक एकच, लग्न होऊन नाशिकला.

मी त्यांच्या समोरची. आमच्या घरात मोटारींच्या सीटा शिवायचं काम. आधी माझे मालक शिवायचे, ते गेले तशी मी मशीनवर बसले. फोम, रेक्झिन, दुहेरी टाका. उस्मानपुऱ्यात कुशनवाली कोण विचारा, लहान लेकरू आणून सोडेल.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर सुनांच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. दादांनी एक दुधी रंगाची जुनी अँबेसिडर आणली. कोणा साहेबाच्या बंगल्यामागं चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी होती. तिच्या टपावर चिंचेचं रोपटं उगवलेलं मी स्वतः बघितलंय. गल्लीमागं सत्तारभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि हळूच मिटलं.

"दादा, इसकू चलाना नहीं, दफनाना है."

"बरं," दादा म्हणाले, आणि बाह्या वर केल्या.

सहा महिन्यांनी ती गाडी गल्लीतनं निघाली तेव्हा सत्तारभाई टाळ्या वाजवत होते आणि दादा रेडिएटरवर कान लावून चालत होते, चालती गाडी असून. स्टेअरिंगला कोण होतं ते विचारू नका. ताई होती. तिला गाडी येत नव्हती.

डबा मिळाला तो एका लग्नात. सिल्लोडच्या अलीकडं शेतातलं लग्न होतं. ताई सांगायची, "सगळी दुनिया अक्षता टाकायली, आणि आमचे हे खुराड्याखाली पालथे." कोंबड्यांचं खुराडं म्हणून शेतकऱ्यानं वापरलेला तो जुना विलायती कॅरॅव्हॅन होता. शेतकऱ्याच्या बापाच्या काळी एक गोरं जोडपं मोटारीमागं हे घर ओढत देशोदेशीचं आलं होतं. तिथं त्यांच्या मोटारीचं इंजिन बसलं. डबा सांभाळा, येतो, म्हणून गेले ते आलेच नाहीत. आधी त्यात कडबा भरला, मग कोंबड्या.

दादांनी तो ओढत आणला. सत्तारभाईंनी दार उघडलं तर आतनं एक तांबडी कोंबडी उतरली, गल्लीत इकडंतिकडं बघितलं, आणि इथलीच झाली. डब्याच्या सावलीत बसायची. ताईनं तिला ठेवून घेतली.

आत एका फळीवर जुना नकाशा चिकटवलेला होता. अक्षरं विलायती, पण पेन्सिलीनं एका गावाभोवती गोल केलेला. दादांनी मला बोटानं दाखवला. "अजिंठा," म्हणाले. "लेणी बघायला निघालेला हा. हजारो कोसांवरनं आला आन्‌ हाकेच्या अंतरावर अडकला. पन्नास वर्षं अर्ध्या वाटेत उभा हाय, वहिनी. ह्याला पोचवायचा."

इतकं सलग बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हाच समजायला हवं होतं की हा माणूस हे करणार, आणि त्याच्या मध्ये कोणी येऊ नये.

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात, वकील असतात, डॉक्टर असतात. चकचकीत गाड्या, पांढरे बूट. ते दादांना हसायचे. "अहो, गाडी एवढी छान केलीत, मागं हे लटांबर कशाला?" दादा म्हणायचे, "मोकळी गाडी कोणी बी पळवतं. मागं कायतरी असलं म्हंजे माणूस नीट चालतो." गाडीला त्यांनी ट्रकचे लांब आरसे लावले होते. एकदा दौलताबादपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. समोर कमी आणि आरशात जास्त, असं बघत चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डब्यातल्या बाकांना कुशनं शिवायचं काम माझ्याकडं आलं. माप घ्यायला मी आत चढले आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. माझं वजन तुम्ही बघताच आहात. पुढचं नाक सुटंच होतं, कशाला जोडलेलं नव्हतं. मी बसले, आणि माझ्यासमोरची डब्याची जमीन वर यायला लागली. अगदी हळू, पाळण्यासारखी. मला कळेना काय होतंय. बाहेरनं दादा असे ओरडले की पार कोपऱ्यावरच्या मशिदीपाशी रिक्षा थांबली.

"वहिनी, पुढं या! उलाळ व्हतंय, पुढं या!"

रांगत पुढं आले तेव्हा ते नाकावर पालथे पडले होते, सगळ्या अंगाचा भार देऊन. चेहरा चुन्यासारखा. मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडं बघून गिळलं.

उलाळ मला माहीत होतं. माझं माहेर खेड्यातलंच. बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. पण मी ते शब्दानं ओळखत होते, दादांनी डोळ्यांनी बघितलं होतं. लहानपणी वडलांच्या गाडीत विहिरीचे दगड होते. चढाला दगड घसरून मागं गेले. जू वर गेलं आणि बैल गळ्यानं टांगला गेला.

"वडील पट्टा कापस्तोवर झालं व्हतं," ते म्हणाले. "मी म्होरंच बसलेलो. आवाज नाय आला, वहिनी. गाडी मोडली तर आवाज येतो. उलाळ आवाज करत नाय."

त्या दिवसापासनं मी डब्यात गेले की मधोमध उभी राहायची.

त्यांनी मला सगळं समजावलं. गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढा भार नाकावर हवा. जड सामान चाकांच्या वर, नाहीतर पुढं. मागं फक्त अंथरुणं, म्हणजे शेपटीला नुसतं वारं. मागं जड झालं की सपाट रस्त्यावर कळत नाही, उताराला डबा शेपूट हलवायला लागतो, आणि मग शेपूटच गाडीला हलवतं. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू काट्यावर चढायची. ताईचा पोळपाट चढला. लाटणं वेगळं चढलं.

"मला बी चढवा की काट्यावर," ताई म्हणायची.

"तू म्होरं बसतीस. तू चालतीस."

ताई माझ्याकडं वळायची. "बघ अक्का! तीस वर्षांनी कौतुक केलं, ते बी वजनाचं."

ताई मेंढरंवाल्यांची लेक. तिचं लहानपण असं डब्याशिवायचं, पण फिरतंच. "आमचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं," ती सांगायची. "कोकरं, भांडी, वाकळा, आन्‌ सगळ्याच्या बुडाला आईचा पाटा." तो पाटा तिच्याकडं होता. छोटा, काळा, मधे खोलगट झालेला, वरवंट्यासकट. लग्नात तिला दुसरं काही मिळालं नाही. चटणीला मिक्सर होता घरात, पण ती पाट्यावर वाटायची. आणि एक गोष्ट ती मानायची. आईनं सांगितलेली. पाटा हलला तर बिऱ्हाड हललं. पाटा मागं राहिला तर तो माणसांना माघारी बोलावतो, कसल्या ना कसल्या वाटेनं. "माझा चुलता पाटा ठेवून गेला व्हता," एवढं म्हणून ती थांबायची. पुढचं मी कधी विचारलं नाही.

आता बघा, एका घरात दोन माणसं, दोघांचं लहानपण दगडाशी बांधलेलं. त्याला दगड नको, तिला दगडाशिवाय नको.

अजिंठ्याला जायचं ठरलं. घाट उतरून फर्दापूरला कोणाच्या तरी शेतात डबा लावायचा, चार दिवस राहायचं. सत्तारभाईंनी हात जोडले. "घाट में मत लेको जाओ दादा. वो रास्ता नहीं, नागिन है." दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाकाला भार असला की काय व्हत नाय."

ताईनं पाट्याचं विचारलं. दादा म्हणाले, "दगड नाय." दोन शब्द. ताई त्या दिवशी जेवली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी सगळं सामान भरून, नाकाखाली काटा लावून, आकडा बघून दादांनी समाधानानं हात पुसले. आणि थोड्या वेळानं ताई माझ्याकडं आली. पदराखाली जड काहीतरी.

"अक्का, ह्याला कोट शिवून दे. वाजायला नको."

"अगं, ते काट्यावर..."

"काटा झाला. उद्या पहाटं गाडी जोडत्यात, मंग नाक मोकळं राहत नाय. काटा लावायला परत सगळं सोडावं लागंल. ते न्हायला गेले की ठिवू."

"ताई, दादा नाय म्हणलेत."

ती मशीनशेजारी खाली बसली. हसरी बाई, पण तोंड एवढंएवढं झालेलं. "अक्का, मला भ्या वाटतंय. घाटाचं नाय. पाटा मागं ठिवून जायाचं भ्या वाटतंय."

मी शिवला. तपकिरी रेक्झिन, दोन्ही अंगांनी फोम, दुहेरी टाका. जीव लावून शिवला. वरवंट्याला वेगळी पिशवी केली. एवढा चांगला बसला कोट की मलाच कौतुक वाटलं.

सकाळी दादा न्हायला गेले तसा आम्ही तो डब्यात नेला. ठेवायचा कुठं? पुढच्या कपाटात त्यांची हत्यारं, प्रत्येक थांब्याला उघडायचे. मधल्या पेटीत पाणी. राहिली मागच्या बाकाखालची पेटी, तिच्यावर माझं कुशन. तिथं कोण बघतंय?

मला उलाळ ठाऊक होतं. त्याच बाकावर बसून मी ओरडा खाल्ला होता. तरी माझ्या हातानं मी तो दगड शेपटीत ठेवला, वर कुशन दाबून बसवलं, आणि मनाशी म्हणाले, एका पाट्यानं काय होतंय.

दादा आले. शर्टाला इस्त्री, कपाळाला गंध. नाकाशी गेले. गाडी जोडलेली होती, तरी सवयीनं तळहात ठेवला, डोळे मिटले. एकदा. दोनदा. तीनदा. मग चौथ्यांदा दाबला. मी ओट्यावर उभी होते, माझ्या हातात त्यांना द्यायचा शंकरपाळ्यांचा डबा होता, तो मी पदराखाली घेतला.

ते वाकून गाडीच्या मागच्या चाकाकडं बघत राहिले. "गाडीची पाठ एक बोटभर वर वाटायली," म्हणाले.

ताई चपलेचा पट्टा लावत होती. लावतच राहिली.

दादा माझ्याकडं वळले. "वहिनी, मागं काय ठिवलं नाय ना?"

"नाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो. संशयानं बघितलं असतं तर मी बोलले असते. काटा बघतात तसं बघितलं, आकडा दिसला, आणि मान हलवली. "वहिनी नाय म्हणल्या म्हंजे नाय."

स्वतःच्या तळहातापेक्षा त्यांनी माझ्या शब्दाला जास्त मानलं. तीस वर्षं ज्या हातानं केसाचा फरक ओळखला, त्या हाताला त्यांनी माझ्यासाठी खोटं ठरवलं.

"नाकाला भार," ते म्हणाले. थांबले. पुढचं म्हणाले नाहीत. गाडीत बसले.

डबा गल्लीतनं वळला तेव्हा मी शिवलेले पडदे मागच्या काचेत हलत होते. सत्तारभाई मोटारसायकलवर मागनं निघाले. "घाट तक जाता हूं भाभी. दिल नहीं मानता." गल्ली रिकामी झाली. तांबडी कोंबडी आली आणि डबा जिथं उभा असायचा तिथं, मोकळ्या जागेच्या मधोमध, उन्हात उभी राहिली. मी दाणे टाकले. हलली नाही.

फुलंब्रीला पोचले असतील तेव्हा मी ताईला फोन केला.

"बरं चाललंय," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, "पर गप हायत. सारखं आरशात बघायलेत."

माझ्या तोंडाशी आलं होतं. ताई, तो काढ. रस्त्यात टाक, उसात टाक, पण शेपटीतनं काढ. पण फोन त्यांच्या गाडीत, ते शेजारी, त्यांना ऐकू जाईल. माझं 'नाय' त्यांना ऐकू जाईल. मी म्हणाले, "पाणी पीत जा. ऊन आहे."

पाणी पीत जा म्हणाले मी!

सिल्लोडनंतर लावला, लागला नाही. परत लावला. परत. मशीनवर बसले तर एकच शिवण तीनदा उसवली. कोंबडी तिथंच होती.

दुपार कलल्यावर सत्तारभाईंचा फोन आला. पहिलं वाक्य म्हणाले, "दोनों जिंदा हैं भाभी, पहले ये सुनो." पुढचं त्यांनी नंतर ओट्यावर बसून सांगितलं, तुम्ही बसलात तिथंच.

"अजिंठा गाँव तक सब ठीक. घाट लग्या और डब्बा जरासा हिल्या. सोते में आदमी करवट लेता ना, वैसा. फिर इधर. फिर उधर. हर बार थोडा जास्ती. मैं पीछू से चिल्लाया, हॉर्न मार्‍या. और भाभी, क्या बोलूं, उसका आवाजच नहीं था. इत्ता बडा घर हिल रहा, और चुपचाप."

दादांनी ब्रेक मारला नाही. मारला असता तर दोघंही दरीत होते, असं सत्तारभाई म्हणतात. पाय काढून घेतला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि डबा स्वतःहून डोंगराच्या अंगाला आपटू दिला. पहिल्या धडकेला मागची भिंत फाटली. दुसरीला डबा आडवा झाला, गाडी फिरली आणि कठड्याला तोंड लावून थांबली. ताईचं मनगट मोडलं. दादांच्या छातीला स्टेअरिंग लागलं.

"अंथरुण, डिब्बे, परदे, सब रस्ते पे," सत्तारभाई म्हणाले. "और बीच में एक पत्थर. कोट पहना हुआ पत्थर, भाभी! मैं बोल्या, ये क्या बला है? दादा छाती पकडको उतरे. उसके पास खडे रहे. देखते रहे, देखते रहे. फिर लेकरू उठाते वैसा गोद में उठा लिए."

सत्तारभाईंनी चहा संपवला. माझ्या मशीनवर तपकिरी रेक्झिनचा उरलेला तुकडा पडला होता. त्यांनी तो बघितला आणि नजर काढून घेतली. भला माणूस.

डबा ट्रकवर घालून परत आला. दादा दोन आठवड्यांनी बाहेर दिसले. मी रोज ठरवायची, आज जाऊन सांगायचं. पाय उंबऱ्यापर्यंत जायचे. ते आपले पत्रा कापून मागच्या भिंतीला ठिगळ लावत बसलेले. एकदा फाटलेलं कुशन घेऊन आले. "एवढं शिवता का, वहिनी?" बस. पाट्याचं अक्षर नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं, मीच एकलीनं ठिवला. तुझं नाव काढलं नाय." मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई हलकं वाटलं.

मग एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. डबा होता त्या जागी उभा होता, गाडीपासनं सुटा. नाकाखाली आधी विटा असायच्या, त्या काढल्या होत्या. त्याजागी पाटा होता. कोट काढलेला, धुतलेला, काळा. पाचर मारून बसवलेल्या आडव्या वरवंट्यावर पाटा आणि पाट्यावर डब्याचं नाक, बरोबर त्या खोलगट जागी बसलेलं.

"हात ठिवा," दादा म्हणाले.

मी नाकावर हात ठेवला. त्यांनी माझ्या हातावर आपला ठेवला आणि दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. जन्मात त्यांचा हात कधी माझ्या हाताला लागला नव्हता. खरखरीत, गरम.

"आता बरोबर हाय," म्हणाले. "नाकाला भार."

आणि थांबले. माझ्याकडं बघत होते. उरलेलं मी म्हणायचं होतं. आणखी काही म्हणायचं असेल तर तेही तेव्हाच म्हणायचं होतं. एवढी बोलघेवडी मी, गल्लीत माझ्या तोंडाला सगळे भितात, आणि मी पाट्याकडंच बघत राहिले. त्यांनी हात काढून घेतला आणि ते आत गेले.

त्यानंतर त्यांनी डबा कधी जोडला नाही. थंडीत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, घाटातल्या माराशी संबंध नाही. डॉक्टर शिकलेले, त्यांचं खरं असेल. मी मात्र ते रोज माझ्या काट्यावर ठेवून बघते, आणि मला जडच लागतं.

लेक ताईला नाशिकला घेऊन गेली. निघताना मी म्हणाले, "ताई, पाटा ने."

"नाय," ती म्हणाली. "मागं राहिला तर बोलावतो ना? बोलावू दे." मग रिक्षात बसता बसता माझं मनगट धरलं, तिच्या मोडून जुळलेल्या हातानं. "अक्का, एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात मी म्हणले, म्या एकलीनं ठिवला. तर हे म्हणले, टाके दुहेरी हायत. मी म्हणले, मंग अक्काला इचारू का? तर म्हणले, इचारू नको. परत 'नाय' म्हणावं लागंल वहिनींना."

रिक्षा गेली. मी जाऊन पाट्यावरची धूळ पदरानं पुसली.

तर असे दादा. आता त्या डब्याचं ऐका, म्हणजे माझ्या ओरडण्याचा राग येणार नाही. मागच्या ठिगळातनं पाणी आत जातं. शेपटीची फळी भिजून फुगलीय, दिवसेंदिवस जड होत चाललीय. या महिन्यात मी बघितलं, नाक आणि पाटा यांच्यामध्ये फट पडलीय. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी होती. आता माझं बोट जातं. सत्तारभाई म्हणतात, "पीछू एक ईंट लगा देता हूं, भाभी." मी लावू देत नाही. शेपटीला वारं पाहिजे, तसंच ठरलंय. मी रोज सकाळी जाऊन नाकावर तळहात ठेवते, तीनदा दाबते, आणि दोन्ही अर्धी मीच म्हणते. दाबलं की नाक पाट्यावर टेकतं. हात काढला की परत वर येतं. हळू, पाळण्यासारखं. आवाज करत नाही.

आणि माझाही हात आता पहिल्यासारखा जड राहिलेला नाही.

म्हणून म्हणते, नुसते फोटोला येऊ नका. बसायला या. आलात की मागं जाऊ नका, आधी पुढं जाऊन नाकावर हात ठेवा, थोडा वेळ ठेवा, मग चहा. ताईलाही मी रोज फोनवर हेच सांगते, पाटा बोलावायलाय, ये. तुम्हीही या. एकटीच्या भारानं भागत नाही. जमलं तर या आठवड्यातच या.